‘गोत्तिल्ला’च्या पुढे

बेंगळुरूत नव्याने आलेला माणूस कन्नडचे जे पहिले वाक्य शिकतो, ते बहुधा ‘कन्नड गोत्तिल्ला’ हे असते. म्हणजे ‘कन्नड येत नाही’. पुष्कळांच्या बाबतीत दहा वर्षांनंतरही तेच शेवटचे ठरते. २०११च्या जनगणनेनुसार बेंगळुरू जिल्ह्यात कन्नड ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी होते. अशा शहरात भाषा शिकण्याची सोय हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. रिक्षाच्या भाड्यावरून किंवा बँकेच्या खिडकीवर सुरू झालेला वाद पाहता पाहता भाषेवर येतो, हे आपण वारंवार पाहिले आहे.

यावर उपाय म्हणून ऑनलाइन वर्ग पुढे आले. दिवसभर कचेरीत आणि वाहतुकीत अडकलेल्या नोकरदाराला रात्री घरबसल्या शिकता येते, ही सोय लहान नव्हे. परंतु एक साधा हिशेब करून पाहावा. तासाभराच्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत आणि शिक्षक निम्माच वेळ बोलतात, असे मानले तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येते. आठवड्याला दोन वर्ग धरले, तर बारा आठवड्यांत अठरा मिनिटे. तेवढ्या सरावावर कोणी बोलू लागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कन्नडच्या बाबतीत अडचण आणखी आहे. पुस्तकातील ‘माडुत्तेने’ बाजारात ‘माड्तीनि’ होते. मराठीलाही हे नवे नाही: ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ वेगळा आहे, हे लिपी सांगत नाही, ते कानानेच कळते. सेवेच्या आरंभी मी कन्नडची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. पुढे तालुक्याच्या गावी एका वृद्धेने पेन्शनचे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा शिरस्तेदारांनी ते मला समजावून सांगावे लागले. माझे प्रमाणपत्र खरे होते, पण त्या बाईंच्या ते उपयोगाचे नव्हते.

जुन्या राज्यकर्त्यांना ही गोष्ट उमगली होती. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये सेरामपूरहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला नित्य व्यवहारातील संवादही जोडले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना रयतेशी बोलावे लागणार होते, आणि नुसत्या विभक्तिप्रत्ययांनी ते साधणार नव्हते. त्यांचा हेतू राज्य करण्याचा होता. आपला शेजारधर्माचा आहे. म्हणून आपली गरज अधिकच मोठी आहे.

दोष माध्यमाचा आहे, असे मला वाटत नाही. पडद्यावरील वर्गात विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडून त्यांना वेगळ्या दालनांत बसवता येते. वीस मिनिटे दिली, तर प्रत्येकजण दहा मिनिटे बोलतो. भिडस्त विद्यार्थी आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून शिक्षकांकडे पाठवू शकतो. व्याकरणाचे विवेचन आधीच मुद्रित करून दिले, तर वर्गाचा वेळ संभाषणाला मोकळा राहतो. मात्र यासाठी शिक्षक अधिक लागतात आणि खर्च वाढतो. म्हणूनच संस्था व्याख्यानावर भागवतात.

येथे सार्वजनिक धोरणाचा संबंध येतो. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या वर्गांची पटसंख्या मर्यादित असावी. परीक्षा तोंडी असावी आणि ती वर्गाबाहेरच्या, अपरिचित व्यक्तीने घ्यावी. शहरातील निवृत्त शिक्षकांना व गृहिणींना मानधन देऊन संभाषणाचे सोबती नेमावेत. युरोपातील २००१ च्या भाषा-आराखड्यात एकट्याने बोलणे आणि दुसऱ्याशी संवाद साधणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये मानली आहेत. आपल्याकडे पुष्कळदा दोहोंची परीक्षा कागदावरच होते.

महाराष्ट्रानेही याकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडची सक्ती कायद्यात आणली. दर्जा आणि पाट्या यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण सक्तीने पाटी बदलते, जीभ वळत नाही. ज्या राज्याला आपली भाषा बाहेरून आलेल्याच्या तोंडी हवी आहे, त्याने त्याला ती बोलण्यासाठी, आणि बोलताना चुकण्यासाठी, पाऊण मिनिटाहून अधिक वेळ दिला पाहिजे.