दानाचा फलक आणि श्रमिकांचे देणे

म्हैसूरमधील मंडी मोहल्ला ही जुन्या शहरातील दाट वस्ती. अशा वस्त्यांत शाळेच्या खोलीवर वा दवाखान्याच्या भिंतीवर एखाद्या उद्योगसमूहाचा फलक लागला की कृतज्ञता व्यक्त करण्याची रीत पडली आहे. खोली उपयोगी असते; ती नाकारण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो विनियोगाच्या अधिकाराचा.

2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 ने मोठ्या कंपन्यांवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम ‘सामाजिक उत्तरदायित्वा’साठी खर्च करण्याचे बंधन घातले. परंतु ती कोणत्या मोहल्ल्यात आणि कशासाठी खर्च व्हावी, हे संचालक मंडळ ठरवते. मोहल्ल्याला तेथे मत नाही. शिवाय 2019-20 मध्ये या खात्यावर देशभरात सुमारे 25 हजार कोटी रुपये खर्च झाले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने कंपनी करात कपात केली आणि त्यापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज स्वतःच जाहीर केला. सार्वजनिक तिजोरीतून पाचपटीहून अधिक सोडून द्यायचे आणि उरलेल्या एका हिश्श्याचे नाव औदार्य ठेवायचे, हा कोणता हिशेब?

विडी कामगारांचा अनुभव याहून बोलका आहे. 1976 च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून घरकुले, शिष्यवृत्त्या, रुग्णालये मिळाली; म्हैसुरातही विडी कामगारांचे रुग्णालय उभे राहिले. तो दानधर्म नव्हता, कायद्याने मान्य केलेला हक्क होता. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला.

याउलट सोलापूरजवळ कुंभारी येथे कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये ती पूर्णत्वास गेली. त्यामागे वर्षानुवर्षांची आंदोलने होती, लढून मिळवलेले शासकीय अनुदान होते आणि कामगार स्त्रियांनी स्वतः घातलेला पैसा होता. म्हणून त्या घरांत राहणारी स्त्री कोणाची लाभार्थी नाही. ती मालकीण आहे.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. कंपन्यांनी वस्तीत करावयाचा खर्च लोकनियुक्त प्रभाग समितीपुढे यावा, त्याचा हिशेब वस्तीला मिळावा आणि विडी कामगारांच्या कल्याण निधीला उत्पन्नाचा कायमस्वरूपी आधार पुन्हा लाभावा. फलकावर नाव कोणाचेही असो, निर्णय वस्तीचा असला पाहिजे.