जप्त केलेला खवा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या ग्वाल्हेरीस वर्तमानपत्रांतून एक बातमी ठरल्याप्रमाणे येते : भिंड-मुरैन्याकडून आलेला इतके क्विंटल मावा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी पकडला. (घरी आपण ज्याला खवा म्हणतो तोच हा मावा, बाजारात गेला की त्याचे नाव बदलते, आणि कधी कधी गुणही.) सोबत जप्त टोपल्यांचे छायाचित्र असते. वाचणाऱ्यास हायसे वाटते. पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचावयास मिळते.

कायदा दुबळा आहे असे नव्हे. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. अधिकारी दाम मोजून नमुना घेतो, त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो, आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. सबळ कारणावाचून केवळ छळापोटी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यासही दंड सांगितला आहे. हे मला न्यायाचे वाटते. ऐन सणात माल अडकला तर प्रामाणिक हलवायाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

परंतु खवा चौदा दिवस थांबत नाही. अहवाल येईतो करंज्यांचे डबे रिकामे झालेले असतात.

शिवाय, टोपलीत न दिसणारे दोषही असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्यास घातक अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत निघाली. मात्र अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर आढळले. ते कोणी मुद्दाम मिसळीत नाही. बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून ते गाईम्हशींच्या दुधात उतरते आणि दूध उकळल्याने जात नाही. त्यासाठी दिवाळीच्या आठवड्यात हमरस्त्यावर गाड्या अडवून काय साधणार? गोठ्यातील पेंड आणि संकलन केंद्रावरील दूध बारा महिने तपासले पाहिजे. त्याचे छायाचित्र कोणी छापणार नाही, हे खरे.

खव्यात पिठूळ पदार्थ मिसळला आहे काय, हे आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही कळते. थोडा खवा पाण्यात उकळून निववावा व आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला की समजावे. अफ्लाटॉक्सिनपुढे मात्र आपली ही बाटली निरुपयोगी आहे. ते काम सरकारी प्रयोगशाळांचेच.

संक्रांतीच्या सुमारास, त्या जप्त टोपल्यांतील नमुन्यांचा निकाल त्याच वर्तमानपत्रात, त्याच जागी छापून आला, तर मी तो कात्रण करून ठेवीन.