भंगारवाल्याने राखलेली रेल्वे

जुन्या रेल्वेचा वारसा जपायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली मागणी पाटीची. पाटी लागते, नारळ फुटतो, आणि दोन पावसाळ्यांत मागच्या शेडचे पत्रे उडतात. म्हणून आज पेनसिल्व्हेनियातल्या एका भंगारवाल्याबद्दल.

ईस्ट ब्रॉड टॉप ही तीन फुटी नॅरोगेज. रॉबर्ट्सडेलकडच्या खाणींतला कोळसा ३३ मैलांवरच्या माउंट युनियनला, मोठ्या लाइनीपर्यंत पोचवणारी. मोठ्या लाइनीचे डबे हिच्यावर आणायचे, तर क्रेनने डबा उचलून खालची चाकंच बदलत! खाणी मिटल्या आणि १९५६च्या एप्रिलमध्ये रेल्वेही थांबली. निक कोव्हालचिक या भंगार व्यापाऱ्याने ती विकत घेतली. रूळ उखडायचे, इंजिनं तोडायची, हाच त्याचा धंदा. इथे मात्र त्याचा हात धजावला नाही.

त्यामुळे या मार्गावरच्या रॉकहिल फर्नेस गावचं आठ खणांचं राउंडहाउस वाचलं. मध्ये टर्नटेबल, भोवती अर्धवर्तुळात इंजिनांचे गोठे. १९११ ते १९२० दरम्यान बाल्डविन कारखान्यात बनलेली सहा इंजिनं तिथेच राहिली. शेजारच्या वर्कशॉपमध्ये छताखालचे शाफ्ट आणि पट्ट्यांवर चालणारी यंत्रंही टिकली.

एरवी डिझेल आलं की पहिला बळी राउंडहाउसचाच. राख काढा, बॉयलर धुवा, तोंड फिरवा, ही वाफेच्या इंजिनाची रोजची सेवा. डिझेलला ती लागत नाही, आणि गोल इमारत दुसऱ्या कशाला सहसा सोयीची नसते.

कोलोरॅडोत कोमो गावी १८८१चं दगडी राउंडहाउस उभं आहे. देखणं आहे, डागडुजीही झाली आहे. पण बोरियास घाटातून जाणारी त्याची लाइन १९३७ साली बंद झाली आणि रूळ निघाले. हौशी मंडळींनी आवारात थोडे रूळ पुन्हा टाकलेत. घाट काही परत आला नाही. निव्वळ इमारत वाचवण्याला मी म्हणूनच अर्धेच गुण देतो.

रॉकहिलला रूळ जाग्यावर होते. १९६० साली गावाच्या द्विशताब्दीसाठी लोकांनी गाडी मागितली आणि कोव्हालचिकने ती चालवली. राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आला तो १९६४ साली, म्हणजे भंगारवाल्याने आठ वर्षं सांभाळल्यावर! २०११नंतर गाडी पुन्हा थांबली. २०२० साली एका प्रतिष्ठानाने रेल्वे घेतली, आणि १९५६पासून थंड पडलेलं १६ नंबरचं इंजिन २०२३ साली वाफेवर आलं.

आपल्याकडे विदर्भात शकुंतला या नॅरोगेज गाडीची वाफ १९९४ साली गेली. तिचा यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही मागणी रास्तच आहे. एसटीच्या भाड्यात पिचणाऱ्या माणसाला वारसा सांगू नये. फक्त काम निघेल तेव्हा मूर्तिजापुरात अडीच फुटी रुळांचा एखादा चालता तुकडा राहू द्यावा. पाटीचं नंतर बघू.