दम कोंडल्यावर हाती कोणता पंप हवा?



थंडी पडू लागली की अंबड, सिडको, पाथर्डी फाटा या पट्ट्यातल्या औषध दुकानांत दम्याचा पंप मागणाऱ्यांची संख्या वाढते. वेल्डिंग, बफिंग, स्प्रे पेंटिंग करणारे कामगार, त्यांची लहान मुले, गावाहून आलेले म्हातारे आईवडील. यातले बरेच जण कॅप्सूलचे यंत्र मागतात. ते एकदा घेतले की पुढे परवडेल तशा कॅप्सूल घेता येतात, हे त्यामागचे कारण मी समजू शकतो. पण अचानक दम कोंडल्यावर घ्यायच्या औषधासाठी ही निवड बहुतेकांच्या बाबतीत चुकते, असे औषधविक्रेता म्हणून माझे ठाम मत आहे. त्या वेळी हवा फवाऱ्याचा पंप आणि त्याला जोडलेला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडे.

दोन्हींत औषध एकच, साल्ब्युटामॉल. ते फुप्फुसापर्यंत ढकलायची ताकद कोण लावते, एवढाच फरक. फवाऱ्याच्या पंपात ते काम दाबाखालचा वायू करतो. कॅप्सूलच्या यंत्रात रुग्णाला स्वतःच्या श्वासाने पावडर ओढावी लागते, तीही जोराने आणि खोलवर. नेमका श्वासच अपुरा पडत असताना हे किती जणांना जमेल? एका तरुण वेल्डरने ‘काका, हे औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार केली, तेव्हा मी त्याला यंत्र वापरून दाखवायला सांगितले. त्याने चौकोनी भोकात कॅप्सूल बसवली, तळ फिरवला, इथपर्यंत सगळे बरोबर. मग चहा फुरकावा तसा छोटासा झुरका घेतला. यंत्र उघडले तर बरीचशी पांढरी पावडर आतच होती. पावसाळ्यात कॅप्सूल आधीच पाकिटातून काढून डबीत भरून ठेवणारेही भेटतात. दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात आणि ती नीट उडत नाही. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही असतात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो. यंत्र देताना कोणी दाखवलेलेच नसते.

फवाऱ्याचा पंप नुसता वापरला तर त्यातही खोट आहे. कळ दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसला नाही की औषध घशावर आदळते. चांगल्या हातातही फुप्फुसात पोहोचणारा वाटा साधारण 10 ते 20 टक्केच. ही अडचण स्पेसर दूर करतो. फवारा आधी त्या नळकांड्यात जातो आणि रुग्ण आपल्या गतीने चार-पाच श्वासांत तो घेतो. लहान मुलांसाठी त्याला मास्क लावता येतो. एका वेळी एकच फवारा, आणि त्याआधी पंप हलवायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर घर्षणाने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतींना चिकटते.

‘मशीन लावली’ म्हणजे, अर्थात नेबुलायझरची वाफ घेतली म्हणजे, खरा उपचार झाला, हा समज तर फारच घट्ट आहे. कोक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा जिवावर न बेतलेल्या झटक्यात पंप आणि स्पेसर नेबुलायझरपेक्षा कमी ठरले नाहीत. उलट स्पेसर वापरलेल्या मुलांना तातडीच्या विभागात कमी वेळ थांबावे लागले. पैशाचे म्हणाल, तर स्पेसर काहीशे रुपयांत मिळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीपासून बनवलेला स्पेसरही मुलांना उपयोगी पडतो.

पंपातला वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो, हा आक्षेप खरा आहे. पावडरीच्या यंत्रात तो वायू नसतो. रोजच्या प्रतिबंधक औषधासाठी, ज्याला जोराचा श्वास घेता येतो त्याने ते जरूर वापरावे. सौम्य त्रासात त्या यंत्राने आरामही पडतो. माझा आग्रह अडीनडीच्या वेळेपुरता आहे. आणि आराम देणाऱ्या पंपावरच वर्षानुवर्षे निभावणे धोक्याचे आहे. दम्याच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नका, श्वासनलिकेची सूज उतरवणारे औषधही घ्या, असे स्पष्ट सांगितले आहे. जागतिक रोगभाराच्या 2019 च्या अंदाजानुसार जगातले सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा 42 टक्क्यांहून अधिक आहे. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो शेवटपर्यंत टाळणाऱ्या घरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

ज्या ग्लॅक्सो समूहातल्या अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीने 1969 मध्ये साल्ब्युटामॉल बाजारात आणले, त्याच परंपरेतल्या कंपनीचा कारखाना आपल्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे. सिप्लाने 1976 पासून दम्याचे फवारे आपल्या देशात आणले. औषध नवे नाही, दुर्मीळही नाही. तरीही धूळ, धूर आणि रंगाच्या वाफा रोज सोसणाऱ्या या वसाहतीत मी पाहिलेल्या प्रथमोपचार पेट्यांत पट्टी, कापूस, आयोडीन असते. पंप आणि स्पेसर एकाही पेटीत दिसला नाही. याउलट ब्रिटनने ऑक्टोबर 2014 पासून शाळांनासुद्धा तातडीसाठी साल्ब्युटामॉलचा पंप ठेवायची परवानगी दिली आहे.

कारखान्यांच्या पेट्यांत पंप आणि स्पेसर ठेवण्यात आयमा आणि निमा या उद्योजकांच्या संघटनांनी पुढाकार घ्यावा. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, म्हणून कारखान्याच्या डॉक्टरांनी लेखी सूचना देऊन प्रत्येक पाळीतल्या प्रथमोपचारकाला स्पेसरसह पंप वापरायला शिकवावे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात पंप देताना रुग्णाकडून तो एकदा समोर वापरून घ्यावा. आम्ही औषधविक्रेत्यांनीही काउंटरवर तेवढा वेळ दिलाच पाहिजे. पेटीच्या झाकणावर वापराची रीत मराठीत आणि हिंदीत चिकटवावी, आणि आराम पडला नाही तर वाट न पाहता 108 ला फोन करा, हे तिथेच ठळक लिहावे.

— एक औषधविक्रेता, अंबड, नाशिक