नेसरीची खिंड आणि चीनचा ‘लाँग मार्च’

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत येणारा मराठी प्रवासी बहुधा एक गाणे मनात घेऊनच येतो. कुसुमाग्रजांची कविता, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा स्वर यांनी २४ फेब्रुवारी १६७४चा प्रसंग घरोघरी पोहोचविला. सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. स्मारकापुढे उभे राहिल्यावर मात्र गाण्यात नसलेला प्रश्न पडतो: बाकीची फौज कोठे होती?

सभासद बखरीत मोठ्या लढाईचे वर्णन आहे, सात स्वारांचा उल्लेख नाही. तो आढळतो इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याच्या एप्रिल १६७४मधील पत्रात. दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत प्रतापराव व सहा स्वार मारले गेले, त्यांना उर्वरित सैन्याची कुमक मिळाली नाही, असा त्याचा आशय आहे. सहा जणांची आज सांगितली जाणारी नावे मात्र समकालीन कागदांत सापडत नाहीत.

लाडक्या इतिहासाची अशी फेरतपासणी चीनमध्येही झाली. ऑक्टोबर १९३४मध्ये जिआंगशीतून सुमारे ८६ हजार जण निघाले. वर्षभराने माओंसोबत शान्शीत पोहोचले ते जेमतेम आठ हजार. अंतर २५ हजार ली, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर, असे पक्ष सांगत आला. एड जोसलिन व अँड्र्यू मॅक्युअन या दोघा ब्रिटिशांनी २००२-०३मध्ये ती वाट पायी तुडवली. त्यांच्या अंदाजाने ती सहा हजार किलोमीटरच्या आसपास भरली. लुडिंगच्या साखळदंडी पुलावरील मे १९३५च्या लढाईविषयीही मतभेद आहेत. युंग चँग व जॉन हॅलिडे यांनी २००५मध्ये ती झालीच नसल्याचे लिहिले. इतरांच्या मते चकमक झाली, पण लहान.

अंतर निम्मे झाले म्हणून वाटेत मेलेल्यांची संख्या घटत नाही. नेसरीचेही तसेच आहे. उंबराणीत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला १६७३मध्ये प्रतापरावांनी सोडून दिले आणि शिवरायांचा रोष ओढवून घेतला. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर असताना सरसेनापती गमावणे स्वराज्याला परवडणारे नव्हते. सरनौबतीची जबाबदारी पुढे हंबीरराव मोहिते यांच्याकडे गेली. प्रतापरावांची कन्या जानकीबाई ही राजारामांची पत्नी झाली. छत्रपतींच्या घराण्याने या बलिदानाची जाण ठेवली. पण सेनापतीने फौज मागे ठेवून धाव घ्यावी काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

खरी कसोटी प्रश्न विचारणाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीची आहे. चीनने २०१८मध्ये हुतात्म्यांच्या सन्मानरक्षणाचा कायदा केला. २०२१मध्ये त्यांच्या अवमानासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली. महाराष्ट्रात असा कायदा नाही. मात्र ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला विसरता येत नाही. एकीकडे सत्तेचा धाक, दुसरीकडे जमावाचा. संशोधकाच्या लेखणीवरील परिणाम सारखाच. नेसरीतील सात जणांपैकी सहांची ओळख अद्याप पटलेली नाही. त्यांचा शोध घेणे हा त्यांचा अवमान नव्हे. साडेतीनशे वर्षे राहून गेलेले ते कर्तव्य आहे.