हवाई चप्पल आणि विवेकाधिकार

२०२५च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेचे वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी विमानप्रवासातील शिष्टाचारासाठी एक मोहीम सुरू केली. प्रवासाचा जुना सुवर्णकाळ परत आणायचा असेल तर प्रवाशांनी जरा नीटनेटके कपडे घालावेत, पायजमा आणि घरातल्या सपाता घालून विमानतळावर येऊ नये, असे त्यांचे आवाहन होते. अमेरिकेत त्याची बरीच थट्टा झाली. दिल्लीत मात्र ही बातमी अनेकांना मनापासून आवडली. गुरुग्राम, नोएडा आणि द्वारका येथे राहणाऱ्या माझ्या तीन परिचितांनी ती मला पाठवली आणि आपल्या सरकारनेही असे काही करावे, अशी सूचना केली. त्यांतील दोघे मराठी आहेत. एकाने तर नियमाचा मसुदाच पाठवला. चप्पल, बर्मुडा, लुंगी आणि "अस्वच्छ पारंपरिक वेश" यांना विमानतळाच्या दारातच मज्जाव असावा, असे त्यात म्हटले होते.

प्रशासनात आयुष्य गेले की माणसाला एक सवय जडते. कोणी नियमाचा मसुदा समोर ठेवला की तो चांगला की वाईट हे पाहण्याआधी तो राबवणार कोण आणि कोणावर, हे मी पाहतो. अस्वच्छ वेश कोणता, हे कोण ठरवणार? दारात ओळखपत्र तपासणारा जवान, की काउंटरवरची कर्मचारी? गुडघ्यावर फाटलेली जीन्स चालेल, कारण ती फाटकीच विकत घेतलेली आहे. ठिगळ लावलेले धोतर चालणार नाही, कारण ते खरोखरच फाटलेले आहे. हा फरक राजपत्राच्या भाषेत कसा लिहायचा, ते माझ्या मित्राने सांगावे.

चपलेचेच घ्या. दिल्लीत खादीचा कुर्ता आणि कोल्हापुरी चप्पल हा खासदाराचा वेश आहे, आणि त्या चपलेला कोणत्याही विमानतळावर कोणी अडवल्याचे ऐकिवात नाही. तीच चप्पल मळलेल्या सदऱ्याखाली दिसली की तिचा गावंढळपणा होतो. २०२५च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या. आपल्याकडे गदारोळ झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. तेव्हा समाजमाध्यमांवर आपला अभिमान ओसंडून वाहत होता. माझ्या मित्राच्या मसुद्यानुसार मात्र मूळ कोल्हापुरी घातलेल्या माणसाला दारातून परत पाठवावे लागेल.

कायद्याची स्थिती साधी आहे. भारतात विमानाने प्रवास करताना काय घालावे, याचा कोणताही सरकारी नियम नाही. सुरक्षा तपासणीत कोट काढा, पट्टा काढा असे सांगतात, पण ती पद्धत तपासणीची आहे, वेशाची नव्हे. नियम आहे तो वागणुकीचा, आणि त्याचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. २०१७च्या मार्चमध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी पुण्याहून दिल्लीला उतरल्यावर एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि पंचवीस वेळा मारले असे माध्यमांना स्वतःच सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली आणि एप्रिलमध्ये ती उठवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बेशिस्त प्रवाशांसाठी नियम जारी केले. त्यांत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ, हावभाव, मद्यपान करून घातलेला गोंधळ ही पहिली, अंगाला हात लावणे ही दुसरी आणि जिवाला धोका निर्माण करणे ही तिसरी. बंदी अनुक्रमे तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत आणि किमान दोन वर्षे. या तिन्ही पायऱ्यांत कपड्यांचा उल्लेख नाही, आणि तो नाही हे योग्यच आहे. चप्पल पायात आहे की हातात, एवढाच फरक शासनाने पाहायचा असतो.

योगायोग असा की गायकवाडांवरील बंदी उठून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून 'उडान' योजनेचे पहिले विमान दिल्लीकडे रवाना केले. हवाई चप्पल घालणारा माणूसही हवाई जहाजात दिसावा, ही त्यांची त्या वेळची इच्छा पुष्कळ गाजली. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला. सुमारे तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती. दिल्लीच्या परिसरात गाझियाबादजवळच्या हिंडन तळावरून २०१९च्या ऑक्टोबरात पिठोरागडला नऊ आसनी विमान गेले, तेही याच योजनेखाली. योजनेचे यशापयश हा वेगळा विषय आहे, कित्येक मार्ग सुरू होऊन बंदही पडले. पण शासनाने एका हाताने अनुदान देऊन ज्या माणसाला बोलावले, त्याच्याकडे दुसऱ्या हाताने पायताण कोणते घातले याचा खुलासा मागायचा, हे कोणत्या प्रशासनशास्त्रात बसते?

आता कोणी म्हणेल की कपडे नीट असले की वागणूकही नीट राहते. डफी यांचाही रोख तोच होता. २०२२च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात, बिझनेस क्लासमध्ये, एका वृद्ध स्त्रीच्या अंगावर सहप्रवाशाने मद्याच्या अमलाखाली लघवी केल्याची तक्रार झाली. आरोप असलेले गृहस्थ एका बहुराष्ट्रीय कंपनीतील वरिष्ठ अधिकारी होते, आणि त्यांनी आरोप नाकारला. प्रकरण हाताळण्यातील कसुरीबद्दल महासंचालनालयाने विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. त्या केबिनमध्ये बसणाऱ्यांचा वेश माझ्या मित्राच्या मसुद्यात बहुधा पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाला असता.

दिल्लीला वेशाचा हा आजार जुना आहे. २०१७च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये एका पाहुण्या कुटुंबासोबत जेवायला आलेल्या खासी स्त्रीला उठून जायला सांगण्यात आले. तिने मेघालयातील जैनसेम हा तिचा पारंपरिक वेश घातला होता आणि तो क्लबच्या लोकांना मोलकरणीचा वाटला. सुधा मूर्ती यांनी 'थ्री थाउजंड स्टिचेस' या पुस्तकात लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचा अनुभव लिहिला आहे. सलवार-कमीज घातलेल्या त्यांना बिझनेस क्लासच्या रांगेत पाहून पुढच्या बाईंनी इकॉनॉमीच्या रांगेत जायला सुचवले. बाई भारतीयच होत्या. क्लब खासगी असतो आणि त्या बाईंच्या हाती कसलीही सत्ता नव्हती, म्हणून हे अपमानावर थांबले. हीच नजर नियमाच्या आधाराने दारात उभी राहिली तर माणसाचे विमान चुकते.

आणि नियम नसतानाही ही नजर काय करते, ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी दिल्ली विमानतळावर माझ्या पुढे मराठवाड्यातील एक वृद्ध जोडपे उभे होते. काकांचे धोतर, टोपी, काकूंचे नऊवारी लुगडे, हातात उत्तराखंडाच्या यात्रेहून आणलेल्या गंगाजलाची कॅन. काउंटरवरच्या तरुणाने त्यांना "तुम" म्हटले आणि कॅनवरून चारचौघांत हसला. पुढच्याच मिनिटाला मला तो "आप" म्हणाला, "सर" म्हणाला. माझे तिकीट त्यांच्याइतकेच स्वस्त होते. गंगाजल केबिनमध्ये नेता येत नाही हे खरे, पण ते सामानात देता येते एवढे सांगायला त्याला अर्धे मिनिट लागले असते. ते मी सांगितले. काका म्हणाले, "साहेब, पहिल्यांदाच आलोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या." चूक त्यांची नव्हतीच. या तरुणाच्या हाती उद्या वेशाचा नियम दिला तर तो कोणावर चालवेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

इथे मला महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांशी थोडे कडू बोलायचे आहे. आई-वडील न्यू जर्सीला किंवा सिंगापूरला येणार असले की फोनवर सूचना सुरू होतात. आई, साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. बाबा, ती टोपी बॅगेत ठेवा. सोय हे कारण असेल तर माझी काहीच तक्रार नाही. पंधरा तास बसायचे असेल तर सैल कपडे बरे, बसून पाय सुजतात म्हणून घट्ट बूटही नकोत. पण सोयीचे कारण सांगून आपण बहुतेक वेळा आपली लाज लपवतो. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला आई कशी दिसेल, ही ती लाज. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आयुष्यात प्रथमच पँट घालून परक्या देशाच्या इमिग्रेशनसमोर उभे करायचे आणि वर तिला आधुनिक झाल्याबद्दल शाबासकी द्यायची, यात सोय नक्की कोणाची झाली, हे तिला विचारून पाहावे.

नीटनेटके राहण्यात स्वाभिमान आहे, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना लुगडे नेसण्याची आणि दागिन्यांची ती पद्धत सोडायला सांगितले, जिच्यावरून त्यांची जात लांबून ओळखू येत असे. ते स्वतः सूटबूट वापरत, तोही विचारपूर्वक. पण बाबासाहेबांचा उपदेश ज्यांना अडवले जात होते त्यांना होता. अडवणाऱ्याच्या हाती वेशाची पट्टी द्यावी, असे त्यांनी म्हटले नाही. चांगले कपडे घालणे हा माणसाचा हक्क आहे. ते घातल्याशिवाय आत येऊ नको, असे म्हटले की तो हक्क राहत नाही, पहारा होतो.

वेशाचा एक प्रश्न शासनाने जरूर विचारावा, तो म्हणजे जीव वाचण्याचा. गंमत म्हणजे माझ्या तिन्ही परिचितांपैकी कोणी त्याचा उल्लेखही केला नाही. प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मी दारे बंद ठेवून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते, हे सिद्ध करावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान पेटले आणि आतील ३७९ जण जिवंत बाहेर आले. अशा प्रसंगी नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, सुती कापड चिकटत नाही. उंच टाचांनी घसरगुंडी फाटू शकते, म्हणून त्या काढायला लावतात. नुसत्या अंगठ्याच्या पट्ट्यावर अडकलेली चप्पल घसरताना निघून जाते आणि पुढे काचांवरून अनवाणी पळावे लागते. म्हणजे हवाई चपलेविरुद्ध एक खरे कारण आहे, पण तेच कारण टाचांच्या सँडलविरुद्ध आणि कृत्रिम धाग्याच्या चकचकीत सूटविरुद्धही आहे. सुती नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला असतो, पायांत घोळत नाही. त्या कसोटीला मराठवाड्यातील काकू पुष्कळ फॅशनेबल प्रवाशांच्या पुढे जातील. ही माहिती सूचना म्हणून तिकिटावर मराठीत, हिंदीत छापावी. सक्ती करू नये.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२०मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वेशाचे परिपत्रक काढले आणि त्यात कार्यालयात स्लीपर घालू नये, असे म्हटले. माझ्या मित्राने त्याचा दाखला दिला आहे. दाखला गैरलागू आहे. कर्मचाऱ्याला पगार मिळतो आणि मालकाला त्याच्या वेशाबद्दल काही सांगता येते. प्रवासी पैसे देतो. योग्य दाखला तामिळनाडूचा आहे. जुलै २०१४मध्ये चेन्नईतील एका क्लबने वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला. जयललिता सरकारने पुढच्याच महिन्यात विधानसभेत कायदा केला आणि पारंपरिक वेशामुळे सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारणाऱ्यास परवाना रद्द होण्यापासून तुरुंगवासापर्यंतची शिक्षा ठेवली. न्यायमूर्तींच्या जागी एखादा कारकून असता तर कायदा इतक्या लवकर झाला असता का, ही शंका माझ्याही मनात येते. तरी कायदा झाला आणि तो कारकुनालाही लागू आहे.

विमान वाहतुकीसाठी एवढेही करायला नको. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१९च्या फेब्रुवारीत प्रवाशांच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. उड्डाणाला उशीर, उड्डाण रद्द होणे, हरवलेले सामान असे विषय तीत आहेत. तीत दोन वाक्ये घालावीत. पहिले, वेशाच्या कारणावरून कोणत्याही प्रवाशाला प्रवेश, आसन किंवा सेवा नाकारता येणार नाही. दुसरे, विमानतळावरील प्रत्येक कर्मचारी प्रत्येक प्रवाशाला "आप" म्हणेल. दुसरे वाक्य वाचून मंत्रालयातील माझे जुने सहकारी हसतील, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आधी हसून घ्यावे आणि मग टिपणी लिहायला घ्यावी. मंत्रालय सफदरजंग विमानतळाच्या आवारातील राजीव गांधी भवनात आहे आणि महासंचालनालयही तिथून हाकेच्या अंतरावर. फाईल एका दुपारी जाऊन परत येऊ शकते.