कल्याणीपासून अंकोरपर्यंत
कंबोडियाला जाऊ इच्छिणाऱ्या जनवाडा परिसरातील वाचकाने आधी हुमनाबाद तालुक्यातील जलसंगीचे मंदिर पाहावे, कारण कल्याणीचा, म्हणजेच आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याची प्रशस्ती शिळेवर लिहिणारी तेथील स्त्रीमूर्ती मनात ठेवून गेल्यास, १११३ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या सूर्यवर्मनने उभारलेले अंकोर वाट परके वाटत नाही. ‘अंकोर’ हे ‘नगर’ या संस्कृत शब्दाचे ख्मेर रूप असून ‘वाट’ म्हणजे मंदिर. मुळात विष्णूचे आणि पुढे बौद्धांचे झालेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. पूर्वेकडील ओवरीत सुमारे ४९ मीटर लांबीचा समुद्रमंथनाचा शिल्पपट असून त्यात देव आणि असुर वासुकीला रवीच्या दोरीसारखे ओढतात, आणि सारा दिवस त्याच्यापुढे घालवला तरी तो सार्थकी लागावा.